गळ्याशी एक डाग

१२ जून

प्रिय वहिनी,

फोन न करता पत्र का लिहितेय ते तुला सांगायला नको. घरात फोन वाजला की आई उठून दाराशी जाऊन बसते आणि तिला परत आत आणण्यात तुझा अर्धा दिवस जातो. शिवाय सध्या मला कोणाला तोंड दाखवायचं नाहीये, अगदी शब्दशः.

मी डाग काढायला सुरुवात केली आहे.

हो, तोच. उजव्या कानशिलापासून गालावरून गळ्यापर्यंत उतरलेला, ज्याला दादा लहानपणी 'नकाशा' म्हणायचा तो. झालं असं की दुकानात एक त्वचेच्या डॉक्टरीणबाई वाचायचा चष्मा करायला आल्या. मी त्यांच्या नाकावर फ्रेम बसवत होते आणि त्या माझा गाल तपासत होत्या. म्हणाल्या, हल्ली हे लेसरनं पुष्कळ फिकं होतं. सगळं जाईल असं वचन मात्र देत नाही, डाग जुना आहे. मी म्हटलं, माझ्याएवढाच आहे. त्या हसल्या नाहीत. चष्मा घ्यायला आल्या तेव्हा मीच त्यांना पत्ता विचारला.

डोळ्यांवर धातूच्या दोन छोट्या वाट्या ठेवतात. अगदी काळोख. मग गालावर गार फवारा, आणि लगेच कोणीतरी रबरबँड ताणून सोडल्यासारखा गरम फटका. टक, टक, टक. वाट्या असूनही पापण्यांच्या आत दर फटक्याला पिवळं काहीतरी हलतं. जळक्या केसांचा वास येतो, तो आपल्याच गालावरच्या लवेचा आहे हे उशिरा कळतं. नर्स माझा हात धरून होती. पहिल्यांदा वाटलं, माझ्यासाठी. मग कळलं, मी हात वर नेऊ नये म्हणून.

घरी आल्यावर आरशात पाहिलं. गालभर नाण्याएवढी काळीनिळी वर्तुळं, एकाला एक चिकटलेली, आणि डोळा सुजून अर्धा मिटलेला. बर्फ लावायचा, मलम लावायचं, खाजवायचं नाही, उन्हात जायचं नाही, उशा रचून उताणं झोपायचं. मालकांनी मला मागच्या खोलीत काचा घासायला बसवलंय. गिऱ्हाइकं घाबरतील म्हणे. इतकी वर्षं ती काय करत होती कोण जाणे.

आईला यातलं काही सांगू नकोस. विचारलं तर म्हण, दुकानात काम फार आहे. वहिनी, ताई गेल्यापासून मी दारात आले की आईची नजर आधी माझ्या डागावर जाते, तिथं थांबते आणि मग माझ्या डोळ्यांवर येते. लोकही तेच करतात, पण लोकांचं मला काही वाटत नाही. मला एकदाच, फक्त एकदा, आईनं सरळ माझ्याकडे बघायला हवंय.

तुझी,
धाकटी


२१ जून

वन्संबाईंना भावजयीचा कोपरापासून नमस्कार,

एवढी मोठी गोष्ट करून टाकलीत आणि आम्हाला नंतर कळवता. आधी विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं आणि तू ऐकलं नसतंस, म्हणजे तेवढाच कागद वाचला.

तुझ्या दादानं पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं आणि म्हणाला, "दुखलं असेल." मग भाजी आणायला म्हणून बाहेर पडला आणि रिकामी पिशवी घेऊन परत आला. त्याचं प्रेम असंच असतं, मी आता पिशवीवरून ओळखते.

आईंचं बरं चाललंय. जेवतात, माझ्या चहाला नावं ठेवतात, म्हणजे तब्येत ठणठणीत. नावं मात्र हल्ली इकडची तिकडे होतात. परवा मला तुझ्या मावशीच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली. काय बिघडतं?

एक सांगू? राग मानू नकोस. मी या घरात आले तेव्हा ताईंना जाऊन वर्ष झालं होतं. मला त्या माहीत आहेत त्या भिंतीवरच्या फोटोतून. आणि त्या फोटोकडे बघताना मला पहिल्या दिवसापासून वाटत आलंय की हा तुझाच फोटो आहे, फक्त कोणीतरी गाल पुसून दिलेला. तुला हे कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगून ठेवते.

खाजवू नकोस. तुला लहानपणी खपल्या काढायची सवय होती असं दादा म्हणतो.

वहिनी


४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतका उशीर केला, कारण तू लिहिलंस ते मला नको होतं. आता ते रोज समोर येतं.

मधल्या काळात पुन्हा पुन्हा जाऊन आले. दर वेळी तीच काळी वर्तुळं, तीच सूज, आणि ती ओसरली की खालून आधीपेक्षा फिका गाल. गळा तर पूर्ण साफ झालाय. डॉक्टरीणबाई खूश आहेत. कानामागचा, केसांत शिरलेला तुकडा तेवढा राहील. केसांवर लेसर मारला तर केस जळतात. तो तसाही माझ्या मोकळ्या केसांखाली असतो, कोणी पाहिलेला नाही.

मालकांनी मला परत पुढच्या काउंटरवर बसवलं. आमच्या दुकानात भिंतीभिंतीला आरसे आहेत, तुला माहीत आहेच. परवा एक बाई फ्रेम लावून बघत होत्या आणि मी त्यांच्या मागून, दांडी कानावर नीट बसलीय का ते बघायला आरशात पाहिलं. आरशात ताई होती. मी वळून मागे बघितलं, वहिनी. मागे चष्म्यांचं कपाट होतं.

घाबरण्यासारखं काही नाही, ती मीच होते, कळतं मला. पण एक गोष्ट मनातून जात नाही. तिच्या डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या होत्या. ताई तेविसाव्या वर्षी गेली, तिला सुरकुत्या कुठून? असं वाटलं की ती इतके दिवस कुठेतरी होती, आपल्या वयानं वाढत होती, आणि मी वरचं पुसल्यावर तिला बाहेर यायला वाट मिळाली.

तो दिवस तुला कोणी सांगितला नसेल. दादा तेव्हा बाहेरगावी नोकरीला होता, बाबा आधीच गेलेले. मी बसनं परीक्षेला गेले होते आणि ताई दुसऱ्या बसनं तिच्या कामावर. तिच्या बसला अपघात झाला. हॉस्पिटलातून फोन आला तो आईनंच घेतला. आम्ही दोघी घरी नव्हतो, आईला एवढंच कळलं की तिची मुलगी गेली. मी संध्याकाळच्या आत घरी आले. दार उघडं होतं. आई जमिनीवर बसली होती, शेजारच्या काकू तिला धरून होत्या. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू?"

एवढंच. मग तोंड फिरवलं.

कोण उरायला हवं होतं ते त्या एका शब्दात आलं. मला त्याचा राग नाही. ताई होतीच तशी. पण आता हा चेहरा घेऊन मी आईसमोर उभी राहिले तर ती कोणाकडे बघेल? विचार करून करून दमले. येऊन बघणार आहे.

धाकटी


११ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

घाईत लिहितेय. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, मी काही दिवस माहेरी असेन. माझं ऐक, मी परत आल्यावर ये. आणि त्याआधी एक फोटो पाठव, आईंना हळूहळू सवय करू. एकदम नको.

काही विशेष नाही, सहज म्हणतेय. बाकी सगळं ठीक.

आणि त्या आरशांवर कापड टाकायला सांग मालकांना. गिऱ्हाइकांना म्हणावं, चष्मा छानच दिसतोय, आमच्यावर विश्वास ठेवा.

वहिनी


२ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझं ऐकलं नाही. ऐकलं नाही ते किती बरं झालं.

तू माहेरी होतीस, दादा कामावर गेला होता. आई खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. मी दारातच थांबले. तिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत. आधी डोळ्यांत, वहिनी. नजर कुठेही अडली नाही. मग तिनं मला जवळ बोलावलं, हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे केला, गळ्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "डाग कुठे गेला ग?"

मी म्हटलं, "काढला, आई."

म्हणाली, "बरं केलंस. प्रवासात अंगावर नकोच. नीट ठेवलायस ना?"

मला हसू आवरेना. डाग काय कपाटात ठेवायची वस्तू आहे? पण तिचे शब्द हल्ली इकडचे तिकडे होतात हे तूच लिहिलं होतंस. तिनं मला ओळखलं, डाग गेलेला तिला कळला आणि तिला आनंद झाला, एवढं मला पुरे आहे. दुपारभर माझा हात हातात घेऊन बसली होती. इतक्या वर्षांत असा धरला नव्हता. जेवली, माझ्या चहाला नावं ठेवली नाहीत. तुला टोमणा समज.

येताना बसच्या काचेत माझा चेहरा दिसत होता आणि पहिल्यांदाच मी वळून मागे बघितलं नाही.

धाकटी


१० ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मी लपवून ठेवलं होतं, दादालाही दाखवलं नाही. उत्तर लिहायला बसते आणि उठते. पण तू ते पत्र घेऊन सुखात बसली आहेस आणि इथे जे चाललंय ते कळवलं नाही तर पुढे तू मला तोंड दाखवणार नाहीस.

आईंनी तुला ओळखलं नाही. मी माहेरून आले तेव्हा दारातच त्यांनी मला सांगितलं, मोठी येऊन गेली.

मी तुला ठीक आहे, ठीक आहे लिहीत राहिले ते खोटं होतं. या उन्हाळ्यापासूनच आई ताईंशी बोलतात, त्या समोर असल्यासारख्या. म्हणून म्हटलं होतं की मी असताना ये.

आणि तो डाग. आपली पिढी हा शब्द विसरली, मीही विसरले असते, पण मला तो चांगलाच लक्षात आहे. लग्नानंतर आईंनी मला विचारलं होतं, "अंगावर डाग किती आहेत ग तुझ्या?" मी साडी झटकून म्हटलं, एकही नाही, कालच धुतलीय. तेव्हा तुझा दादा हसून हसून लोळला होता. आई सोन्याच्या कुठल्याही दागिन्याला डागच म्हणतात. ताईंच्या गळ्यात ती बारीक साखळी असायची ना, फोटोत आहे ती? आई तिच्याबद्दल विचारत होत्या. आता रोज मला कपाटं उघडायला लावतात. "मोठीनं डाग काढून ठेवलाय म्हणाली, बघ कुठे ठेवलाय." ती साखळी हॉस्पिटलातून परत आली होती, त्यांच्याच ट्रंकेत आहे. पण दाखवायचा धीर होत नाही. दाखवली तर काय सांगू?

हेही एक वेळ चाललं असतं. पण कालपासून नवंच सुरू झालंय. म्हणतात, मोठी आहे, मी डोळ्यांनी पाहिली. मग धाकटी कुठे आहे? मी सांगते, आई, धाकटी तिच्या कामावर आहे. त्यावर म्हणतात, "मला फसवू नका. त्या माणसानं फोनवर सांगितलं होतं, डाग आहे म्हणून." आणि रडतात. तुझ्यासाठी रडतात ग. नाव घेऊन.

फोनवरचं हे काय आहे ते दादालाही माहीत नाही. तुला माहीत आहे का?

ये.

वहिनी


१९ ऑक्टोबर

वहिनी,

फोनवरचं मला माहीत नाही. मी येणार नाही.

डाग होता तेव्हा ती डागाकडे बघायची. आता तो नाही, तर ताईकडे बघते. मी आले काय आणि न आले काय, तिला दिसणार नाहीच. रडते म्हणतेस, त्यावर मी काय करू? जिवंत असल्याचा पुरावा म्हणून कुठला चेहरा घेऊन येऊ?

मालकांनी आरशांवर कापड टाकायला नकार दिला.

धाकटी


२७ ऑक्टोबर

धाकटे,

आईंनी जेवण बंद केलंय. चमच्यानं पाणी घातलं तर घेतात, नाही तर तेही नाही. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही बिघाड नाही, त्यांना कशाचं दुःख झालंय का? तुझा दादा काल तीन वेळा भाजी आणायला गेला आणि तिन्ही वेळा हात हलवत आला.

रागवायचं असेल तर इथे येऊन रागव. मी समोर बसून ऐकेन.

वहिनी


१५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

मी तिथे असताना तू एका शब्दानं विचारलं नाहीस. दार लावून आम्ही दोघी आत बसलो, आणि मी बाहेर आले तेव्हा तू फक्त आईसाठी पेज ठेवायला उठलीस. ती प्यायली, आणि तू माझ्याकडे न बघता वाटी विसळत राहिलीस. तोंडानं मला सांगता आलं नसतं. म्हणून आता लिहिते. दादाला वाचून दाखव किंवा नको, तुझ्यावर सोडते.

मी ठरवून आले होते की आत गेल्यावर आधी सांगायचं, आई, मी धाकटी. पण तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "मोठे, दार लाव. धाकटीच्या कानावर जायला नको." मी दार लावलं. आणि मग गप्प बसले, ते चूक की बरोबर मला अजून ठरवता येत नाही.

ती भिंतीकडे बघत बोलत होती. सांगत होती ती त्या फोनचं. माणूस म्हणाला, तुमची मुलगी. तिनं विचारलं, कुठली? त्याला कसं कळणार कुठली. तेव्हा तिनं विचारलं, डाग आहे का? तो म्हणाला, आहे, गळ्याशी आहे एक.

वहिनी, तो साखळीबद्दल बोलत होता. समोर पडलेल्या मुलीच्या गळ्यात त्याला साखळी दिसत होती. त्याच्याही घरात सोन्याला डागच म्हणत असणार.

आईनं फोन ठेवला तो मी गेले असं समजून. मी घरी पोचेपर्यंत ती माझ्यासाठी रडत होती. मी दारात उभी राहिले तेव्हा ती ज्या मुलीला रडत होती तीच तिच्यासमोर आली होती. म्हणजे त्या "तू?"मध्ये 'तू जिवंत आहेस?' हेही होतं. पंधरा वर्षं मी त्या एका शब्दाला एकच अर्थ धरून बसले होते.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. मला वाटलं, झालं, आता हिला जवळ घ्यावं. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की सोडवता येईना. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"तेवढ्या वेळात मी देवाशी भांडले ग. म्हटलं, ही नको. हिला आधीच कमी दिलंस, आता हिलाच काय नेतोस? न्यायचीच असेल तर मोठीला ने. असं म्हटलं मी. तुझं नाव घेऊन म्हटलं. आणि मग धाकटी दारात आली."

मग म्हणाली, "तेव्हापासून ती आली की मी आधी डाग बघते. तीच आहे ना म्हणून. आणि बघितलं की आठवतं, कशाच्या बदल्यात आहे."

मग माझ्याकडे वळली. "रागावलीस का माझ्यावर?"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं, वहिनी. उत्तर कोणीतरी द्यायला हवं होतं. मी म्हटलं, "नाही ग आई. नाही रागावले." आवाज माझाच होता की नाही ते मला विचारू नकोस. तिचा हात सैल झाला. केवढं तरी ओझं खाली ठेवल्यासारखी मागे टेकली आणि म्हणाली, "मग आता धाकटीला पाठव. फार दिवस झाले तिला बघून."

मी बाजूच्या खोलीत गेले. तुझ्या आरशासमोर उभी राहिले. आरशात ताई होती, आणि या वेळी मला तिला घालवून द्यावंसं वाटलं नाही. तुझ्या डब्यातला मोठा चाप घेतला. शाळेत असल्यापासून मी उजवीकडचे केस कधी वर घेतलेले नाहीत. हातांना सवय नव्हती, दोनदा सुटले. सगळे केस उचलून घट्ट बांधले, कानामागचा तुकडा उघडा केला आणि तोच गाल पुढे करून आत गेले. चाप माझ्याकडेच आहे, आता तो मला लागणार आहे. डॉक्टरीणबाईंनाही कळवलंय की पुढच्या तारखेला येत नाही. त्या म्हणाल्या, मग थोडा परत गडद होऊ शकतो. मी म्हटलं, होऊ दे.

आईनं आधी तो तुकडा बघितला. खूप वेळ बघत राहिली. मग माझे डोळे.

"आलीस?" म्हणाली. "ताई इतका वेळ बसली होती ग. आत्ताच गेली."

मी दाराकडे बघितलं. खरं सांगू, वहिनी? मला वाटलं, जरा लवकर आले असते तर भेट झाली असती.

धाकटी